अंगणवाडीचा अर्ज : एका वस्तीच्या अनुभवावरून काही विचार

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत असताना आपण सर्वांनी अर्ज लिहिलेले आहेत. आजारपणामुळे रजा मिळावी, ग्रंथालयात अमुक पुस्तक मागवावे, गावात दिवाबत्तीची सोय करावी, असे त्यांचे विषय असत. वर दिनांक, खाली 'आपली विश्वासू', मध्ये दोन परिच्छेद, आणि गुण पाचांपैकी चार! तो अर्ज पुढे कोठे जातो, कोण वाचतो, त्याचे काय होते, हा प्रश्न परीक्षेत येत नसल्यामुळे आपल्याही मनात येत नाही. गेल्या वर्षी मी पहिला खराखुरा अर्ज लिहिला. आमच्या वस्तीवर अंगणवाडी मिळावी म्हणून तो केला होता, आणि तो नापास झाला. तो का नापास झाला हे समजून घेण्यासाठी जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि पुन्हा करावे लागले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण खेड्यातून आणि वाड्या-वस्त्यांतून येतात. आज ना उद्या कुणीतरी आपल्या हाती कोरा कागद देऊन, "तू कॉलेजात शिकतोस, एवढं लिहून दे," असे म्हणणारच आहे. त्या वेळी या लेखाचा उपयोग झाला, तर तो लिहिल्याचे सार्थक होईल.

वस्ती आणि पहिला अर्ज

आमची वस्ती धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. मूळ गावापासून ती दीड-दोन किलोमीटर दूर असून मध्ये ओढा आणि हमरस्ता आहे. गावात अंगणवाडी आहे. परंतु तीन वर्षांच्या मुलाने ओढा ओलांडून, रस्ता पार करून तेथे जावे अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. त्याला नेऊन सोडायचे आणि परत आणायचे, तर घरातल्या एका माणसाची मजुरी बुडते. त्यामुळे मुले कागदावर गावच्या अंगणवाडीत आणि प्रत्यक्षात वस्तीवर, अशी स्थिती आहे.

वस्तीवरील बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते. मग सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात. माणसे परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. शाळेत जाणाऱ्या मुलांना कोणी आजी-आजोबांजवळ ठेवतात. सहा वर्षांखालचे मूल मात्र आईला सोडून राहत नाही. ते आईबरोबर फडावर जाते.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले. त्यात कुटुंब-पाहणी कशी करावी हे आम्हांला शिकविण्यात आले. त्याच उत्साहात मी आमच्या वस्तीवर येऊन लहान मुलांची यादी केली आणि दोन पानांचा अर्ज लिहिला. 'राष्ट्राची भावी पिढी', 'ज्ञानगंगा', 'तळागाळातील उपेक्षित बालके' असे सगळे शब्द त्यात होते. यादीत मात्र १४ नावे होती.

ज्या कार्यालयात मी तो अर्ज नेला, तेथील एका वयस्कर लिपिकांनी तो शेवटपर्यंत वाचला. ते म्हणाले, "बाळ, लिहिलंस चांगलं. पण यादीत चौदाच लेकरं आहेत. चाळीस लागतात."

मी म्हणाले, "साहेब, बाकीची फडावर गेलीत."

"मग ती आल्यावर ये," असे म्हणून त्यांनी अर्ज परत दिला.

मला त्यांचा राग आला होता. पण घरी येऊन विचार केल्यावर दिसले, की त्यांचे काहीच चुकले नव्हते. मी जानेवारीत मोजणी केली होती, आणि जानेवारीत आमच्या वस्तीवर लेकरे नसतात. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोलिओचा डोस पाजायला येत्यात तवा बी आपली लेकरं नसत्यात, मोजायला येत्यात तवा बी नसत्यात. मग ती हायत तरी कवा म्हणायची?"

आजीचा हा प्रश्नच या लेखाचा विषय आहे.

अंगणवाडी हा शब्द

'अंगणवाडी' हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे, की तो सरकारनेच घडविला असावा असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. हा शब्द ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्या कामातून आला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालू केले. शहरात हे काम चांगले चालले असताना त्यांच्या मनाला एक प्रश्न पडला : माँटेसोरी बाईंची पद्धत सुखवस्तू घरांतील मुलांना मिळते, मग खेड्यातल्या गरिबांच्या मुलांचे काय? १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ (१९१०-१९९२) येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांमध्ये रुजले.

बोर्डीला बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची असे ठरले. शिक्षिका वस्तीत जात, मुलांना गोळा करीत, त्यांना आंघोळ घालीत, आणि तेथेच अंगणात खेळ, गाणी, गोष्टी चालत. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. कोसबाडला मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा येत नाहीत. तर शिक्षकच कुरणावर गेले, आणि त्या शाळेला 'कुरणशाळा' म्हणू लागले.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि तिच्या केंद्राला 'अंगणवाडी' हे नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहाराचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात एकत्र आणल्या गेल्या. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या मंजूर आहेत. त्यांपैकी १३,०११ मूळच्या मिनी अंगणवाड्या होत्या.

ही वाढ लहान नाही. पण या वाढीत मूळ शब्दाचा अर्थ थोडा मागे पडला असे मला वाटते. मूळ अर्थ असा होता, की जेथे मूल तेथे वाडी. आता जेथे मंजुरी तेथे वाडी, आणि मुलाने तेथे यावे, असे झाले आहे.

हक्क आणि योजना

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. प्राथमिक शाळेसाठी आपण अर्ज करीत नाही. ती असलीच पाहिजे असे धरून चालतो. मग अंगणवाडीसाठी अर्ज कशाला?

याचे उत्तर आपल्या राज्यघटनेच्या इतिहासात आहे. मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले होते. 'चौदा वर्षांपर्यंतच्या' या शब्दांत तान्ह्या मुलापासून सगळे येत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने यांतील ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. सहा वर्षांखालील मुले मात्र ४५ व्या अनुच्छेदातच, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही ११ व्या कलमानुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था करू शकेल, असे आहे. केलीच पाहिजे, असे नाही. राज्यशास्त्राच्या तासाला 'करील' आणि 'करू शकेल' यांतील फरक आम्हांला पुष्कळदा समजावून सांगितला गेला होता. तो मला खरा समजला तो अर्ज परत आल्यावर.

सहा वर्षांवरील मुलाचा हक्क त्याच्या वयाने सिद्ध होतो. सहा वर्षांखालील मूल योजनेवर अवलंबून असते, आणि योजना म्हटली की निकष आले, मंजुरी आली, मोजणी आली.

तरीही या वयाच्या मुलांच्या बाजूने दोन भक्कम आधार आहेत. पहिला म्हणजे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. त्याच्या ५ व्या कलमानुसार सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. दुसरा आधार म्हणजे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेला आदेश. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. लिपिक महाशयांनी सांगितलेले 'चाळीस' या आदेशातले होते. जो आकडा मला अडथळा वाटला, तो वस्तुतः आमच्याच बाजूचा होता!

मागणीवर मिळणाऱ्या अंगणवाडीला दुसरी बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. देशभरातील अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत मंजूर झाली आणि तीत मागणीवर द्यावयाच्या २०,००० धरल्या गेल्या. त्यामुळे नवी मागणी आली की तालुक्याच्या अधिकाऱ्याला आपल्या अधिकारात काही देता येत नाही. प्रस्ताव वर पाठवावा लागतो.

पैसा कोठून येतो?

अनुदान म्हटले की कोणीतरी वस्तीच्या हाती रोख रक्कम देणार असे आमच्या लोकांना वाटत होते. तसे होत नाही. वस्तीसाठी पैशाच्या मुख्यतः चार वाटा आहेत आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे.

पहिली वाट अंगणवाडीची. ती शासनच चालविते. सेविका व मदतनीस यांचे मानधन, आहार, साहित्य हे सर्व योजनेतून येते. खर्चाचा वाटा महाराष्ट्रात साधारणतः केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. आहाराचा खर्च निम्मा-निम्मा असतो. २०१७ मध्ये ठरविलेला आहाराचा दर एका मुलामागे दररोज ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा आहे, आणि आहार वर्षातून ३०० दिवस द्यावयाचा असतो. आमच्या वस्तीवर पुढे श्रावणात केलेल्या मोजणीत सहा महिन्यांवरील ४३ मुले निघाली. ४३ मुले, ८ रुपये, ३०० दिवस असा हिशेब केला, तर वर्षाला १,०३,२०० रुपयांचा आहार होतो. मी हा आकडा वस्तीवर सांगितला तेव्हा प्रथमच पुरुष मंडळी उठून जवळ येऊन बसली.

दुसरी वाट इमारतीची. २०२२ मध्ये अंगणवाडीच्या इमारतीसाठी १२ लाख रुपयांचा दर ठरला. त्यांपैकी ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या किंवा तत्सम निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास खात्याकडून, अशी वाटणी होती. म्हणजे एका खोलीसाठी तीन ठिकाणचे कागद लागतात. म्हणून पहिल्या अर्जात इमारत मागू नये, जागा दाखवावी, असे मला अनुभवी लोकांनी सांगितले. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली, काहीही चालते.

तिसरी वाट ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी असा आपल्या राज्यात दंडक आहे. लहान गावात ही रक्कम थोडी असते. सतरंज्या, खेळणी, पिण्याच्या पाण्याची टाकी एवढे त्यातून होऊ शकते. पण ही रक्कम आपल्याच गावात असते आणि ग्रामसभेत तिच्याबद्दल विचारता येते.

चौथी वाट पाळणाघराची. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून स्वयंसेवी संस्थांना बालवाड्या व पाळणाघरे चालविण्यासाठी अनुदान देण्याची प्रथा पडली. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी, हिशेब तपासलेले हवेत, आणि बहुधा दहा टक्के वाटा संस्थेने स्वतः उचलायला हवा. पुढे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक पाळणाघर, महिन्यातून २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, असे नियम होते. महिन्यातून किमान १५ दिवस किंवा वर्षातून सहा महिने काम करणाऱ्या आईचे मूल तीत बसत असे. 'वर्षातून सहा महिने' हे शब्द वाचून मला वाटले, की हे ऊसतोडीच्या बाईसाठीच लिहिले असावे. २०२२ पासून ही योजना 'पालना' या नावाने आली असून तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे. देशात अशी १७,००० केंद्रे करण्याचे ठरले.

दुसरा अर्ज

पाडव्यानंतर माणसे परतली. या खेपेस मी घाई केली नाही. आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी आणि गावच्या सेविकाताईंनी जे सांगितले त्याप्रमाणे एकेक गोष्ट करीत गेले. ती येथे क्रमाने देते.

एक : मोजणी. श्रावणात मी व दोन मैत्रिणींनी घरोघर जाऊन ४६ मुलांची यादी केली. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, लसीकरणाचे कार्ड आहे की नाही, आणि हंगामात कुटुंब कोणत्या भागात जाते, असे रकाने केले. चौदा मुलांच्या जन्माची नोंद कोठेच सापडली नाही. त्यांपैकी काहींचा जन्म कोपीत झालेला होता. त्यांच्या आयांनी सांगितलेला महिना आम्ही लिहिला आणि तसे स्पष्ट नमूद केले. खोटी तारीख लिहून यादी पूर्ण करण्याचा मोह होतो, तो टाळावा. एक नाव खोटे निघाले की सगळ्या यादीवरचा विश्वास जातो.

दोन : अंतर. जवळच्या अंगणवाडीचे अंतर, मधला ओढा किती महिने वाहतो, रस्ता कोणता, हे हाताने काढलेल्या नकाशावर दाखविले. पहिल्या अर्जात मी 'मुलांचे अतोनात हाल होतात' असे लिहिले होते. त्या एका वाक्याच्या जागी आता हा नकाशा आला.

तीन : जागा. वस्तीवरच्या समाजमंदिरात केंद्र भरविता येईल, असे ग्रामपंचायतीचे पत्र जोडले.

चार : ठराव. आपल्याकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होतात. २६ जानेवारीला आमची वस्ती ओस असते. म्हणून १५ ऑगस्टची सभा धरली. तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तेथे विषय मांडला की मुख्य सभेत तो डावलता येत नाही. ठरावाची सूचक माझी आई होती. सही करण्यापूर्वी तिने मला तो दोनदा वाचायला लावला आणि 'वस्तीवरील बालके' या शब्दांपुढे आकडा घालायला सांगितला. तिचे बरोबर होते.

पाच : अर्ज कोणाला? तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. त्यांच्या खाली मुख्यसेविका पाहणी करतात. त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग, आणि त्याच्याही वर नवी मुंबईचे आयुक्तालय. अर्ज एक पानाचा असावा. त्यात २००६ च्या आदेशाचा उल्लेख, मुलांची संख्या, अंतर, जागा आणि ठरावाचा क्रमांक एवढेच असावे. बाकी सर्व सोबतच्या कागदांत.

सहा : पोच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व दिनांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. तीन महिन्यांची मुदत त्या दिनांकापासून मोजली जाते. पोच नसेल, तर आपण अर्ज केला होता याचा आपणच एक साक्षीदार!

सात : पाहणीचा महिना. अर्जात आम्ही ठळकपणे लिहिले, की पाहणी दसऱ्यापूर्वी व्हावी, कारण दसऱ्यानंतर कुटुंबे स्थलांतर करतात. मुख्यसेविका भाद्रपदात खरोखरच आल्या. ४६ पैकी ४४ मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली. दोन मुले मामाच्या गावी गेली होती. प्रस्ताव जिल्ह्याकडे गेला आणि जावक क्रमांक आम्हांला मिळाला.

तीन महिने नोव्हेंबरात संपले. डिसेंबरात मी दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली विचारणा केली. प्रस्ताव विचाराधीन असल्याचे उत्तर आले. हा लेख लिहीपर्यंत मंजुरी आलेली नाही. पण या वेळी 'संख्या अपुरी' असा शेरा नाही. कागदावर ४६ मुले आहेत, आणि ती आता कोणी पुसू शकत नाही.

हंगामाचे सहा महिने

समजा, उद्या अंगणवाडी मंजूर झाली. दसरा येईल आणि वस्ती रिकामी होईल. तेव्हा अंगणवाडी येथे आणि मुले तेथे! मग आहाराचे ३०० दिवस कोणाचे?

मी स्वतः सात वर्षांची असताना एक हंगाम शाळा सोडून फडावर होते. माझे काम ऊस तोडण्याचे नव्हते; धाकट्या भावाला सांभाळण्याचे होते. आई पहाटे अंधारातच फडात शिरे. वाढ्यांच्या ढिगावर भावाला घेऊन मी दिवसभर बसलेली असे. पुढच्या वर्षी आजीने मला गावी ठेवून घेतले, म्हणून मी आज येथे आहे. सांगायचे एवढेच, की पाळणाघर हे केवळ लहान मुलासाठी नसते. ते त्याच्या मोठ्या बहिणीची शाळाही असते. पाळणाघर नसले की त्याची जागा सात-आठ वर्षांची मुलगी भरून काढते, आणि तिची गैरहजेरी शाळेच्या पटावर निराळ्याच कारणाखाली लागते.

मुलामागे जाण्याची कल्पना नवी नाही. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिचे काम मुंबई-पुण्यातही आले. बांधकाम जेथे जाईल तेथे पाळणाघर जाते. त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत 'हेड स्टार्ट' या सरकारी बालशिक्षण योजनेची एक वेगळी शाखा, पिकांच्या हंगामाबरोबर फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी निघाली. तिची केंद्रे हंगामाच्या वेळापत्रकाप्रमाणे उघडतात. आपल्याकडेही २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर तेथील एका स्त्रीला त्यांना सांभाळण्यासाठी नेमावे, अशी तरतूद करण्यात आली होती. उसाच्या फडावर अशी सोय नसते, कारण तेथे मजुरी टनावर असते, आणि मुलांकडे बघत बसलेल्या बाईचा टन भरत नाही.

सध्या अंगणवाड्यांची नोंद २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या मोबाईल यंत्रणेवर होते. स्थलांतरित मुलाचे नाव एका अंगणवाडीकडून दुसरीकडे वळविण्याची सोय तीत आहे. यंदा दसऱ्यापूर्वी आम्ही गावच्या सेविकाताईंकडून मुलांची कार्डे पूर्ण करून घेतली आणि प्रत्येक आईला सांगितले, की कोपी जेथे पडेल तेथील अंगणवाडीत हे कार्ड दाखवा. काहींचे फोन आले, की तेथल्या ताईंनी नाव घेतले व आहारही दिला. ज्यांच्या कोप्या गावापासून दूर शिवारात होत्या, त्यांना जाता आले नाही. म्हणजे नाव हलले, पण वाडी हलली नाही.

याकरिता माझी एक सूचना आहे. ज्या वस्तीतून मुले ठराविक महिन्यांत ठराविक भागात जातात, तिच्या अर्जात दोन पत्ते असावेत : पावसाळ्याचा आणि हंगामाचा. मंजुरीही दोन पत्त्यांची असावी, आणि हंगामाच्या महिन्यांत तो खर्च कारखान्याजवळच्या पाळणाघराला मिळावा. आमच्या यादीतील 'हंगामात कोठे' हा रकाना एवढ्यासाठीच होता. मुलामागचे ८ रुपये ठरलेले आहेत. ते मुलाबरोबर प्रवास करीत नाहीत, एवढीच अडचण आहे.

समारोप

आपला जिल्हा २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत घेतला गेला. त्यात आरोग्य व पोषणाला ३० टक्के आणि शिक्षणाला ३० टक्के महत्त्व दिलेले आहे. म्हणजे जिल्ह्याची प्रगती शंभरपैकी साठ गुणांनी याच प्रश्नांवर मोजली जाते. जे मूल मोजणीच्या दिवशी घरी नसते, ते या गुणांत कोठेच दिसत नाही.

म्हणून शेवटी दोन नम्र विनंत्या. पहिली माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना : येत्या श्रावणात आपापल्या वाडी-वस्तीवरची सहा वर्षांखालील मुले मोजा. वही, पेन आणि दोन दिवस पुरे होतात. चाळीस भरली तर ठराव करून अर्ज द्या. भरली नाहीत तरी यादी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. दुसरी विनंती आमच्या प्राध्यापकांना : राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हिवाळ्यात होते ते होऊ द्यावे, पण कुटुंब-पाहणी मात्र पावसाळ्यात ठेवावी. ऊसतोडीच्या गावात जानेवारीत केलेली पाहणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी ती निम्म्या गावाची पाहणी असते. मी ती एकदा केलेली आहे.

आजीला अजून तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी देऊ शकलेले नाही. पण आमची लेकरे भाद्रपदात होती, ४४ होती, आणि ती पाहिल्याची सही कागदावर आहे, एवढे मी तिला वाचून दाखविले आहे.